मीठ सोडा

बाबा,

तुम्ही पथ्य पाळले नाही म्हणून गेलात, असे इतकी वर्षे सगळ्यांनी म्हटले आणि मी खाली मान घालून ऐकून घेतले. यापुढे ऐकून घेणार नाही. तुमच्याइतके काटेकोर पथ्य पाळणारा रोगी मी अजून पाहिलेला नाही, आणि रोगी पाहणे हाच आता माझा रोजचा उद्योग असल्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही.

तुमची मुलगी डॉक्टर झाली. पुरती नाही, शिकाऊ. चांद्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करते. तुम्ही गेल्यावर मामांनी मला आणि मायला इथे आणले, मला शाळेत घातले, पुढे शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा नागपूरला पोचवूनही आले. मराठी शाळेत मी नेहमी पहिली. नागपूरला मात्र इंग्रजीत प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही तोंड उघडत नसे, आणि ती खोड अजून गेलेली नाही. फेरीच्या वेळी मी सगळ्यांच्या मागे उभी असते. नर्सबाया मला ‘पुस्तकातली बाई’ म्हणतात. तुम्हीही थोडेफार तेच म्हणत होता. बाजारातून आलेल्या पुड्यांचे कागद मी चुलीपाशी बसून वाचायची, आणि तुम्ही जाळ्याला गाठ मारता मारता विचारायचे, “काय लिवलं हाये त्याच्यावर?” मी वाचून दाखवी, कोणाच्या तरी लग्नाचे, कुठल्या तरी तेलाचे. “आन पुढं?” पुढे कागद फाटलेला असे. “मंग पुढचं तूच लिव,” असे म्हणून तुम्ही पुन्हा जाळ्यात मान घालायचे. तुम्ही मला दिलेल्या वस्तूंत ते वाक्य मी सर्वांत वर ठेवते. आज त्याचाच आधार घेऊन लिहिते आहे, फक्त आपल्या बोलीत लिहिणे मला जमत नाही. बोलते मी अजून तसेच. लेखणी हातात आली की शाळेतली भाषा येते. तेवढे चालवून घ्या.

माझ्या वॉर्डात कुरखेड्याकडचा एक रोगी आहे. पन्नाशीचा, तुमच्याच जातीकुळीचा. थोडे धान आणि थोडी तलावाची मासळी, यांवर पोट. तुम्हांला जो आजार होता तोच त्याला आहे. त्या वेळी लोक ‘अंगात पानी झालं’ म्हणत आणि तेवढ्यावर थांबत. खरे तर पाणी हे शेवटचे. आधी हृदय थकते. रक्त पुढे ढकलायला त्याचा जोर पुरेनासा होतो, मग अंगातले पाणी मागे तुंबते, आधी पायांत, मग पोटात, मग छातीत. मीठ हे पाणी धरून ठेवते. म्हणून मीठ वर्ज्य. ते वर्ज्य केले नाही तर हृदयाला जोर देणाऱ्या डिजिटॅलिसच्या गोळ्या आणि पाणी उतरवणारे पाऱ्याचे इंजेक्शन दोन्ही देऊनही आपण एका बाजूने उपसतो आणि दुसऱ्या बाजूने भरतो. एवढे साधे आहे हे, बाबा, आणि एवढे साधे तुम्हांला कोणी सांगितले नव्हते.

आमचे मोठे डॉक्टर पुण्याकडचे. जिल्हा मुंबई राज्यात गेल्यानंतर इकडे आले. वक्तशीर आहेत, अभ्यासू आहेत, रोग्याच्या छातीला नळी लावून डोळे मिटतात तेव्हा आजूबाजूला कोणी श्वासही मोठ्याने घेत नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी त्या रोग्याला नीट, स्वच्छ, शुद्ध मराठीत सांगितले होते, “हे पाहा, तुम्ही मीठ सोडा. औषधाइतकंच ते महत्त्वाचं आहे.” रोग्याने हात जोडले. इंजेक्शन दिले, पाणी उतरले, पाय पायांसारखे दिसू लागले; आणि चारआठ दिवसांत पुन्हा फुगले. असे वरचेवर होऊ लागले. डॉक्टर विचारीत, “मीठ सोडलंत का?” तो म्हणे, “सोडलं जी.” डॉक्टर त्याच्या नडगीवर अंगठा दाबून खड्डा दाखवीत आणि म्हणत, “मग हे काय आहे?” तो खड्ड्याकडे पाहत राही, चोरी पकडली गेल्यासारखा. शेवटी एका फेरीत डॉक्टर आमच्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले की हा मनुष्य पथ्य पाळत नाही आणि वर खोटे बोलतो, याच्यासाठी खाट अडवून ठेवण्यात अर्थ नाही, उद्या घरी पाठवा. रोग्याला शब्द कळले नाहीत. तो एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिला. घरी पाठवणे म्हणजे काय ते आम्हां सगळ्यांना ठाऊक होते. त्या अवस्थेत बैलबंडीचे धक्के खात कुरखेड्यापलीकडे गेलेला मनुष्य परत येत नाही.

हे त्याच्या बायकोला सांगण्याचे काम माझ्याकडे आले, कारण मला ‘त्यांची भाषा’ येते. दवाखान्यामागे रोग्यांच्या माणसांनी चुली मांडायची जागा आहे. दुपारी मी तिथे गेले. ती एका चुलीपुढे उकिडवी बसली होती, गंजात मासळीचा रस्सा उकळत होता. काय शब्दांत सांगावे ते मी मनात जुळवत होते, तोवर तिने बाजूच्या पुडीतून मूठ भरून मीठ घेतले आणि रश्शात सोडले.

मी म्हटले, “मावशी, एवढं मीठ?”

“एवढंच तं सोडून राह्यली, बाई. पयले चिमूट सोडत होती. साहेब रागावला, म्हने सोडलंच नाई. मंग मी मूठ केली.”

“साहेबांनी सांगितलं?”

“रोजच तं सांगते. मीठ सोडा, मीठ सोडा. तुमी बी तं उभ्या राह्यता ना मांगं.”

“आन भाऊ खातात ते?”

“खाईन नाई तं काय करन. डोये मिटून खाते. म्हन्ते, दवाई कधी गोड राह्यते काय.”

मी तिथेच एका दगडावर बसले. तिने विचारले, “काऊन बाई, चक्कर आली काय?” आणि मला पाणी दिले. बाबा, मला चक्कर आली नव्हती. मला तुमचा आवाज ऐकू आला होता. त्या गंजातल्या उकळीत, ‘सोडतो जी साहेब, रोज सोडतो’ असे म्हणणारा तुमचा आवाज.

आपण जाळे सोडतो. डोंगा सोडतो. पावसाळ्यात तलावात मासळीचे बीज सोडतो. आपल्या घरी, आपल्या आळीत, ‘सोडणे’ म्हणजे पाण्याच्या हवाली करणे. याखेरीज त्या क्रियापदाचा दुसरा उपयोग मी शाळेत जाईपर्यंत ऐकलेला नव्हता. नको असलेली वस्तू आपण सोडत नाही, बंद करतो. बायको नकोशी झाली तरी आपल्याकडे ती ‘टाकतात’. पुण्याच्या माणसाने ‘मीठ सोडा’ म्हटले तर तो मिठाचा त्याग सांगतो. तलावावरच्या माणसाने तेच ऐकले तर त्याच्या डोळ्यांपुढे पाणी येते, आणि त्या पाण्यात तो मीठ सोडतो. ‘सोडून द्या’ म्हटले असते तरी कदाचित निभावले असते. मराठीच्या पेपरात पहिली येणाऱ्या मुलीला हे कळायला एवढी वर्षे आणि एक परकी चूल लागली, कारण घरातल्या शब्दाकडे माणूस पाहत नाही, त्यातून पाहतो.

आता मला सगळे पुन्हा दिसते आणि दर वेळी वेगळे दिसते. तालुक्याच्या दवाखान्याकडे आपली बंडी निघाली आहे. तुम्ही गवताच्या भाऱ्याला टेकून बसला आहात, कारण आडवे झालात की दम कोंडतो. मी तुमच्या पायापाशी बसून नडगीवर बोट दाबते, खड्डा पडतो, तो हळूहळू भरतो, मी पुन्हा दाबते. “काय वं, तळं-बोडी खोदून राह्यली काय माह्या पायात?” तुम्ही म्हणता. “मंग बीज बी सोडून टाक, दोघं मिळून मासे काढू.” माय तोंडाला पदर लावून हसते. तिथल्या डॉक्टरांचा चेहरा मला आठवत नाही, पांढरे बूट आठवतात. ते तुम्हांला गोळ्या देतात, सुई टोचतात आणि म्हणतात, “मीठ सोडा. विसरू नका.” तुम्ही परतीच्या वाटेवर ते वाक्य घोकत आहात, कारण वाचता येत नसलेल्या माणसाला सांगितलेले विसरणे परवडत नाही. घरी येताच तुम्ही मायला सांगता आणि माय, जिला तुमच्या तब्येतीपुढे दुसरे काही सुचत नाही, त्याच संध्याकाळपासून मिठाचा हात वाढवते.

वेगळा गंज नव्हता. एकाच गंजातले तुम्ही जेवत होता, माय जेवत होती, मी जेवत होते. पहिला घास घेतला की माझी जीभ आखडायची. तुम्ही म्हणायचे, “तू भात जास्त घे, रस्सा कमी. मले दवाई हाये ती.” आणि तुम्ही रस्सा ओरपायचे, डोळ्यांत पाणी यायचे, ते धोतराच्या सोग्याने पुसायचे आणि पुन्हा ओरपायचे. शेजारची काकू एकदा चाखून म्हणाली, “अवो, मेलेला बी उठून बसन एवढं मीठ घातलं.” तुम्ही म्हणालात, “त्याच्यासाठीच तं घालून राह्यली ते.” तहान अनावर व्हायची. तुम्ही मडकेच्या मडके पाणी प्यायचे, आणि पाय फुगायचे.

मग ती दुसरी खेप. डॉक्टर पायांकडे पाहतात आणि त्यांचा आवाज चढतो. “मीठ सोडायला सांगितलं होतं. सोडलं नाहीत.” तुम्ही म्हणता, “सोडलं जी. रोज सोडतो.” ते म्हणतात, “मला शिकवू नका. सोडलं असतं तर हे पाय असे दिसले नसते.” बाहेर येऊन तुम्ही बंडीत बसता. मग मायवर घसरता.

“तू हात आखडून टाकत असशीन.”

“मी काऊन आखडू? घरात मीठ नाई काय?”

“मंग साहेबाले कसं समजलं?”

“नाडी धरली ना त्यानं. नाडीतून समजते त्याहिले.”

नाडीतून समजते त्यांना. या वाक्यावर मी त्या दिवशी चुलीपाशी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. तुमच्या नाडीतून त्यांना काही समजले नव्हते. त्यांना फक्त त्यांचे स्वतःचे वाक्य ऐकू येत होते, तुमच्या तोंडून परत आलेले, आणि ते खोटे वाटत होते. त्या दिवसापासून मायने हात सैल केला. आणि तुम्ही, जेवणाआधी पेजेत वेगळे मीठ कालवून ते एका दमात पिऊ लागलात, जसा काढा पितात. मी दारात उभी राहून पाहत असे. तुमच्या गळ्याच्या शिरा वर येत. प्याला खाली ठेवून तुम्ही म्हणायचे, “झालं बा एकदाचं,” शाळेतून सुटलेल्या मुलासारखे.

तिसऱ्या खेपेला त्यांनी सुई टोचली नाही. म्हणाले की औषध न ऐकणाऱ्यांवर फुकट घालवायला त्यांच्याकडे जास्तीचे नाही, ऐकणारे रोगी रांगेत बसले आहेत. तुम्ही उठून उभे राहिलात, दाराच्या चौकटीला धरून, आणि हात जोडून विचारलेत, “साहेब, आनखी सोडू काय जी?” त्यांना वाटले तुम्ही थट्टा करता. त्यांनी तुम्हांला बाहेर काढले. त्यांच्या जागी मी असते तर मलाही कदाचित थट्टाच वाटली असती, पण म्हणून मी त्यांना माफ करणार नाही. दम कोंडलेला मनुष्य चौकटीला धरून थट्टा करीत नसतो. एवढे समजायला व्याकरण लागत नाही. धान कापणीला यायच्या आत तुम्ही गेलात. आळीतले लोक तेरवीच्या पंगतीत बसून म्हणाले, पथ्य नाई पाळलं, साहेबानं हात टेकले.

खोटे. तुम्ही पाळलेत. जे ऐकू आले ते तुम्ही जिभेला चटके देत शेवटपर्यंत पाळलेत. न ऐकणारे तुम्ही नव्हता.

दुसऱ्या दिवशीच्या फेरीत मी मागे उभी राहिले नाही. त्या रोग्याच्या खाटेपाशी आधीच जाऊन उभी राहिले. डॉक्टरांनी विचारले, “याचे कागद तयार झाले का?” मी मराठीत म्हणाले, “साहेब, हे पथ्य पाळतात.” माझा आवाज एवढा बारीक निघाला की त्यांनी पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच म्हणाले, थोडे मोठ्याने. कोणी तरी मागे हसले. मी ‘सोडणे’ या क्रियापदाबद्दल बोलू लागले तसे ते म्हणाले, “बाई, हा वॉर्ड आहे, व्याकरणाचा तास नव्हे.” त्यावर मी गप्प बसायला हवे होते, आजवर तशीच बसत आले. त्या दिवशी मी रोग्याकडे वळले.

“भाऊ, तलावात बीज कोण सोडते?”

तो गोंधळला. “आमीच सोडतो. ढिवरच सोडन ना, बाई, पाटील थोडीच सोडन.”

“सोडता म्हणजे काय करता?”

“पान्यात टाकतो. अजून काय?”

“साहेबांनी मीठ सोडा म्हटलं, तवा काय केलं?”

“रश्श्यात सोडलं. बायकोले इचारा.” मग तो डॉक्टरांकडे पाहून अजिजीने म्हणाला, “साहेब, देवाशपथ सोडून राह्यलो. तोंडाचं कातडं गेलं पार. याच्यापेक्षा जास्त सोडलं तं मले वाटते मीच खारवून जाईन.”

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि या वेळी मान खाली घातली नाही. ते मला म्हणाले, “मग काय, सोडून द्या म्हणायचं?”

“नाही साहेब. ‘मीठ नोका टाकू’ म्हणायचं. ‘अळणी खा’ म्हणायचं.”

“माझ्या तोंडी ते यायचं नाही.”

“मग मी सांगेन. आणि त्यांच्याकडून परत वदवून घेईन, काय समजले ते.”

त्यांनी खाटेच्या तक्त्याकडे पाहिले. “ठेवा आठवडाभर,” म्हणाले, “तुमच्या जबाबदारीवर.” आणि पुढच्या खाटेकडे गेले. चूक झाली असे ते म्हणाले नाहीत. मी वाटही पाहिली नाही. मला त्यांचा पश्चात्ताप नको होता, खाट हवी होती, आणि ती मिळाली.

तुम्हांला वाटेल की एक शब्द बदलला आणि सगळे सुरळीत झाले. तसे झाले नाही, आणि तेही सांगते, नाही तर या कागदाला काही किंमत राहणार नाही. मावशीने रश्शात मीठ टाकणे बंद केले, पाय थोडे उतरले, आणि तिथेच अडले. वजन रोज करायचे असे मी ठरवले होते. पाणी डोळ्यांना दिसायच्या आधी काट्याला दिसते. काटा हलेना. मी पुन्हा चुलीवर गेले. ती निखाऱ्यावर बाजारातली खारवलेली सुकी मासळी भाजत होती.

“मावशी, मीठ टाकायचं नाही म्हटलं होतं ना?”

“मी कुठी टाकलं? हे तं पयलेच टाकलेलं होतं.”

रोग्याने वॉर्डाच्या खिडकीतून ओरडून माझ्यावरच डाव उलटवला, “बाई, अळनी भात गिळाले काई तरी लागते का नाई? तुमी खाऊन पाहा एक दिस.” मी खाऊन पाहिले. त्याच्यासारखेच, मीठ न टाकलेला भात, मीठ न टाकलेले वरण. तोंडात गोळा फिरत राहतो, उतरत नाही. मग आम्ही दोघींनी मिळून चिंच, लसूण, वाळलेली मिरची असे काय काय करून पाहिले; ताजी मासळी चिंचेच्या कोळात शिजवली तेव्हा तो म्हणाला, “आता मानसाचं जेवन लागून राह्यलं.” पाणी उतरवणारी नवी गोळी आता नागपूरहून मिळू लागली आहे, रोज सुई टोचावी लागत नाही, मोठ्या डॉक्टरांनी ती न मागता त्याला सुरू केली, हे मला मान्य केले पाहिजे. आता तो उशीला डोके टेकून आडवा झोपतो. बाबा, आडवा. तुमची पाठ शेवटचे कित्येक महिने जमिनीला लागली नव्हती.

तुम्ही बरे झाला असता असे मी म्हणत नाही. हृदयाच्या ज्या दोषाने तुम्हांला हा आजार जडला तो दोष आजही आम्हांला काढता येत नाही. पण तुम्ही काही वर्षे राहिला असता. त्या वर्षांत आडवे झोपला असता, मला पुड्यांचे कागद वाचायला लावले असते. ती वर्षे तुमच्या दैवात नव्हती असे कोणी म्हणू लागले तर मी आता त्याला विचारते, कोणत्या क्रियापदात नव्हती.

एटापल्लीकडची एक बाई गेल्याच आठवड्यात दाखल झाली आहे. तिला फक्त गोंडी येते. तिच्यापुढे माझी सगळी मराठी, तुमची आणि शाळेतली, सारखीच निरुपयोगी आहे. तिच्या भावाकडून मी मिठाला गोंडीत काय म्हणतात ते शिकून घेतले, ‘नको’ कसे म्हणतात ते शिकून घेतले, आणि रोज सकाळी तिच्यापुढे पुडी धरून ते दोन शब्द म्हणते. ती माझ्या उच्चाराला हसते. हसू दे. मग मी तिला हाताने खूण करायला लावते, काय कळले ते. तिने हाताने पुडी दूर सारली की मगच मी पुढच्या खाटेकडे जाते. फेरीत यामुळे उशीर होतो अशी माझ्याविषयी तक्रार आहे. होऊ दे उशीर. ‘पथ्य पाळत नाही’ हे वाक्य माझ्या वॉर्डात आता कोणी माझ्यादेखत उच्चारीत नाही. उच्चारले तर मी विचारते, कोणी सांगितले, कोणत्या शब्दांत सांगितले, आणि त्याला काय ऐकू आले. माझा आवाज अजून कापतो. कापत कापत विचारते.

आता मायविषयी. ती बरी आहे. परकोटाच्या आत मामांच्या घरामागे आमची खोली आहे. काल जेवताना तिने विचारले, “तुया वार्डातला तो कुरखेड्याचा कसा हाये?” मी म्हटले, बरा होऊन राह्यला, पुढच्या आठवड्यात घरी जाईल. तिने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, “तुया बाबाले बी असं पाहनारं कोनी पाह्यजे होतं. पन तेच्यात माही बी चुकी हाये. साहेब म्हने मीठ सोडा, मीठ सोडा, आन मी मेली हात आखडूनच टाकत राह्यली. अजून मूठभर टाकलं असतं तं वाचले असते.”

बाबा, एवढी वर्षे ती हे घेऊन जगते आहे. आपण मीठ कमी टाकले म्हणून तुम्ही गेलात, असे.

माझ्या तोंडात घास होता. मोठ्या डॉक्टरांपुढे जे मला सुचले, तालुक्याच्या दवाखान्यातल्या त्या पांढऱ्या बुटांना आज भेटले तर जे सुचेल, त्यातले एकही वाक्य तिथे सुचले नाही. खरे सांगितले तर तिचा एक अपराध उतरतो आणि त्याच्या जागी दुसरा चढतो. मी म्हटले, “माय, तू कमी नव्हतं टाकलं.”

“तुले काय मालूम. तू लहान होती.”

“मी त्याच गंजातलं जेवत होती, माय. कमी नव्हतं. मले चव याद हाये.”

तिने माझ्याकडे टक लावून पाहिले. “कमी नव्हतं?”

“नव्हतं.”

“खरं म्हन्ते?”

“खरं.”

ती उठून हात धुवायला गेली आणि बराच वेळ मोरीपाशीच उभी राहिली. परत आल्यावर तिने माझ्या ताटात आणखी भात वाढला.

मी खोटे बोलले नाही. एवढे तुम्ही मान्य कराल. हा कागद मात्र मला घरी नेता येणार नाही. माय माझ्या अक्षरातला कागद दिसला की मामांकडून वाचून घेते, आणि मामा सावकाश, शब्द न गाळता वाचतात. तेव्हा तो इथेच दवाखान्यात, माझ्या जाडजूड इंग्रजी पुस्तकात राहील, जे इथे दुसरे कोणी उघडत नाही. तिला सांगायचे पुढचे वाक्य मी तयार केले आहे. त्यातला प्रत्येक शब्द तिला समजेल असा निवडला आहे, आपल्या बोलीतला. ते मी मनात पुष्कळदा म्हणून पाहिले. तिच्यासमोर म्हणायचे धैर्य मला अजून झालेले नाही.